हलली

हळदीच्या पोत्यात गुंडाळलेल्या
चौदा काचा माझ्या दुकानात आल्या.
तीन फुटलेल्या. एकीवर नुसताच अंगठा,
बहुतेक फोटोवाल्याचाच.

ट्यूबलाइटसमोर धरल्या की सगळं उलटं :
पटके काळे, तोंडं पांढुरकी,
आभाळ तव्याच्या बुडासारखं.

पहिल्या काचेत गाव नाहीच अजून.
दरड, बाभळी, आणि काठाला उपडी पडलेली
गुळाची काहील.
तिच्यातच बसून कृष्णेच्या पलीकडनं
सात घरं आली म्हणे,
शेळीसकट, जात्यासकट.
जातं जिथं टेकलं तिथं चूल,
चूल पेटली तिथं गल्ली.

चौथीत छपरं, उसाच्या पाल्याची.
बाळगोंडा पेवाच्या तोंडाशी ओणवा,
दोरीनं कंदील आत सोडलाय.
विझला तर उतरायचं नाही.
विझला का, ते काच सांगत नाही.

आणि नववी. अख्खी वस्ती पायऱ्यांवर.
‘हलू नका’ म्हणाला असणार तो,
काळ्या कापडात डोकं घालून.
दहा आकडे मोजेपर्यंत
इमाम मुलाणी हलला नाही, त्याचा बोकडही नाही.
नदी तेवढी हलली,
म्हणून तिच्या जागी नुसतं ताक सांडल्यासारखं.
आणि खालच्या पायरीवर
एक पोरगी : परकराचा काठ स्वच्छ,
वर धूर.

शताब्दीच्या स्मरणिकेला फोटो पाहिजेत,
‘तेवढा डाग काढा,’ सरपंचांचा निरोप.

छापलेले कागद घेऊन गजराक्का आंबींकडे गेलो.
वय एक्याण्णव. यातलं कुणी तिनं पाहिलेलं नाही,
तरी खांद्यांवरून ओळखत गेली.
‘ह्यो आमच्यातला. वल्हं मारून
उजवा खांदा असा पडतोय.’
धुरावर पदर फिरवला, धूळ समजून.
मग थांबली.
‘ही माझी आजी.’
कशावरनं?
‘पाणी बघत असंल चढताना.
आमच्यात कोण बसलंय रं एका जागी?’

पुरानं दोनदा उठवलेलं गाव
आता वर माळाला आहे, पत्र्याचं, नळाचं.
पायऱ्या गाळात.

परत येऊन ब्रश धुतला, वाळत ठेवला.
वहीत नावं लिहिली, डावीकडून उजवीकडे :
बाळगोंडा, इमाम, तात्याबा आंबी, त्याची बायको,
बोकड.
तिच्यापुढे, नाव विचारायचं राहिलं म्हणून,
एवढंच :
हलली.