कलम चारमधलं क्रियापद

गंगापूर रोडवरच्या कॉलेजात, जिन्याखाली,
जिथं आधी कॅरमचे बोर्ड रचून ठेवायचे,
तिथं दर शनिवारी आमचं विधी सहाय्य केंद्र उघडतं.
एक टेबल, अडीच खुर्च्या,
आणि खैरनार मॅडम, ज्यांना 'इत्यादी' या शब्दाची चीड आहे.

या सत्रात काम होतं उपविधीच्या मसुद्याचं.
मजूर नाक्यावर निवारा, पाणी, स्वच्छतागृह.
मी रात्र जागून कलम चार लिहिलं:
"महानगरपालिका नाक्यावर आवश्यक त्या सुविधा
उपलब्ध करून देऊ शकेल."
भारदस्त वाटलं. खोलीवर मोठ्यानं वाचूनही पाहिलं.

यमुनाबाई भोये दिंडोरी नाक्यावरून आल्या,
काम मिळालं नव्हतं म्हणून वेळ होता.
पिशवी मांडीवर, पिशवीत भरलेला डबा.
म्हणाल्या, वाच.
वाचलं.
शकेल म्हंजे?
म्हणजे, त्यांना करता येईल.
"मंग आता कोण हात धरतंय त्यांचा?"

मॅडमनी फाईलमध्ये तोंड घातलं.

मग व्याख्या. "नाका म्हणजे
रोजंदारीवरील मजूर एकत्र जमण्याचे ठिकाण."
जमायला काय लगीन हाये?
पाचला पेठची जीप उतरवती. उभं ऱ्हायचं.
नऊनंतर कोणी नेत नाही.
नऊनंतर तो नाका नसतो, नुसता रस्ता,
अन् आम्ही त्यावर नुसत्या बाया.
जागा इचारायची कोणाला?
दुकानवाला कसा बघतो,
ते लिहितात का कलमात?

लिहीत नाहीत.
मी पेनाचं टोपण चावत राहिलो.

संध्याकाळी 'देऊ शकेल' खोडून
'देईल' केलं.
ओळ दोन अक्षरांनी आखूड झाली.
'आवश्यक त्या' सुद्धा काढलं, मॅडमनी न सांगता,
आणि नळ, छप्पर, कडी असलेलं दार
असं एकेक नाव घेऊन लिहिलं.
कडी यमुनाबाईंनी सांगितली होती,
जाता जाता, चपला घालताना.

सोमवारी महापालिकेत आवकचा शिक्का मिळाला.
खिडकीमागचा माणूस म्हणाला, बघू.
रिक्षात मॅडमनी माझ्या वहीत लिहिलं:
बघू. कर्ता अध्याहृत. मुदत नाही.
खाली दोन रेघा.

पुढच्या शनिवारी कलम पाच, मुदत.
यमुनाबाई आल्या नाहीत.
काम मिळालं असेल.
'असेल' म्हटलं
आणि जिभेवरच अडखळलो.