दुसऱ्या मजल्याचा कोपरा

खेतवाडीतल्या आमच्या इमारतीत
जिना वळतो तिथे, दुसऱ्या मजल्यावर,
लोक थुंकायचे.
'येथे थुंकू नये' अशी पाटी लावली,
पाटीवर थुंकले.
खाली दंड लिहिला, रुपये पाचशे.
आठवड्यात दोन्ही शून्यांचे डोळे लाल झाले.

मग सभेत होरमसजी म्हणाले, देव लावा.
मी सेक्रेटरी. देव मानत नाही,
पण कोटेशन मागवलं.
सहा इंची टाइल, नग अठ्ठावीस रुपये,
डझन घेतल्यास कमी.
आम्हाला सातच लागत होत्या.

सलामत मिस्त्रीने विचारलं, वर कोण, खाली कोण?
म्हटलं, सगळे एका ओळीत.
गणपती, क्रूस, काबा, महावीर, साई, नानक,
आणि होरमसजींसाठी पेटलेलं आफ्रगान.
त्याने लेव्हल टेकवली,
बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास धरला
आणि करणी पुसली.

थुंकणं थांबलं.
त्याच रात्री.
तळमजल्याचा भिकू तांडेल गच्चीवरून उतरताना
गाल फुगवून, मुकाट, थेट मोरीपर्यंत जायला लागला.

भिंत तीच, चुना तोच,
तंबाखूही तीच पिवळ्या पुडीतली.
मग अडलं ते कुठे अडलं?
टाइलवर नव्हे. टाइल तर पावतीवर आहे,
व्हाउचर नंबर एकशे चार.
भिकूच्या गालाच्या आत काहीतरी बसवलं गेलं होतं
आणि त्याची मजुरी आम्ही कोणालाच दिली नव्हती.
हसू नका, पण मीसुद्धा
ओली छत्री तिथून जाताना दुसऱ्या हातात घ्यायचो.

पुढे तिसऱ्या मजल्यावर कोणी ड्रिल चालवलं
आणि चौथी टाइल निखळून पडली.
चौथी कोणाची, ते इथे लिहीत नाही.
सोसायटीत अजून वाद आहे, डावीकडून मोजायचं की उजवीकडून.

उरला एक चौकोन.
करडं सिमेंट, त्यात सलामतने ओढलेल्या आडव्या रेघा.
त्यावरही कोणी थुंकलं नाही.
करंद्यांची धाकटी रेवा
सहा देवांना शेवंतीची एकेक पाकळी लावायची,
चौकोनाला दोन.
का गं, विचारलं तर म्हणाली,
ह्याला दुसरं कोणी देत नाही.

मार्चात कुमुदला दाखल केलं.
त्या आठवड्यात मी सगळीकडे थोडाथोडा होतो,
एक कान फोनपाशी,
जीभ बिलाच्या खिडकीत,
गुडघे वॉर्डाबाहेरच्या बाकावर,
आणि उरलेला कुठे होतो, शोधायला सवड नव्हती.
रात्री अडीचला तिची शाल न्यायला आलो.
जिन्यातला दिवा गेलेला.
हात भिंतीवरून सरकवत चढलो,
गार, गुळगुळीत.
गार, गुळगुळीत.
गार.
मग खरखरीत.

तिथे हात थांबला.

प्रार्थना केली असं मी म्हणणार नाही.
मला शब्द येत नाहीत, आणि समोर कोण होतं
हे अंधारात काय, उजेडातही सांगता आलं नसतं.
पण कान आला, जीभ आली,
गुडघे धापा टाकत मागून आले,
सहा इंचांच्या त्या करड्या जागेत
मी सगळाच्या सगळा मावलो.
किती वेळ, माहीत नाही.
वर कुणाचा तरी पंखा कुरकुरत होता.

नंतर खूप विचार केला.
इतक्या जणांनी इथे तोंड आवरलं, छत्री आवरली,
त्या आवरण्याचाच थर बसला असेल का सिमेंटवर?
की मीच सहा शेजाऱ्यांवरून सातवा धरून चाललो,
जसा बंद दार असलं तरी आत माणूस धरतो आपण?
उत्तर नाही.
बोटांना सिमेंटची भुकटी लागली होती, एवढं नक्की.
ती शालीला पुसली गेली.

कुमुद आता काठी घेऊन जिना चढते.
कोपऱ्याशी थांबते, भिंतीला हात लावते.
दम लागतो, म्हणते.
मी पिशवी घेऊन दोन पायऱ्या खाली उभा राहतो,
काही विचारत नाही.

दर वार्षिक सभेत विषय क्रमांक सहा येतो,
चौथी टाइल बसवणे.
सलामतचा मुलगा फुकट बसवायला तयार आहे.
मी इतिवृत्तात नेटक्या अक्षरात लिहितो,
वेळेअभावी विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.