सावलीचा रकाना

फोन माझा. खिडकीच्या गजाला रबरबँडने बांधलेला,
घसरू नये म्हणून.
दिवसाला दीड जीबी. महिनाभर घरी मी
एकही सिनेमा बघितलेला नाही, एवढाच काय तो त्याग.

काळाचौकीची पालिकेची शाळा, सातवीत एकोणीस मुलं.
पलीकडे इंगविल्डचा वर्ग, सकाळचे आठ,
उत्तरेला इतक्या वर
की नकाशा टांगताना आमचा खिळा
नेमका त्यांच्याच गावातून गेला.

काम सोपं आहे.
एक मीटरची काठी आपापल्या दुपारी उभी करायची,
सावली मोजायची,
सगळ्यांनी एकाच तक्त्यात लिहायची
आणि त्यावरून काढायचं, पृथ्वी किती वाकलीय.

दुपार म्हणजे बारा नव्हे, मी सांगते,
आपला सूर्य घड्याळाला जुमानत नाही,
आज तो सगळ्यात वर पोचणार बारा चौतीसला.
'मग बाई, शाळा का घड्याळावर भरते?'
तन्वेश मोहिते. त्याला मी काठी धरायला लावते.

बारा तेहतीस.
बारा चौतीस.
अंगणात काठी सरळ उभी
आणि तिच्या पायाशी काहीच नाही.

गेल्या डिसेंबरात ह्याच फरशीवर एक्याण्णव सेंटिमीटर भरली होती.
तेव्हा दक्षिणेचा टॉवर अठ्ठाविसाव्या मजल्यावर होता,
त्याची सावली नळापर्यंत येऊन थांबायची, पाहुण्यासारखी.
आता बावन्न मजले. आता ती बालवाडीतही बसते.

सलोनी गुरवने खडूने हातावर लिहिलं: शून्य.
अल्फियाने तिचं मनगट धरलं.
'शून्य कसं? शून्य म्हणजे सूर्य बरोब्बर डोक्यावर.
सावली आहे की गं.
दुसऱ्याची आहे.'

बावीस वर्षं शिकवतेय.
उत्तर नसलं की मी म्हणते, थांबा जरा.
तेच म्हटलं.

तेवढ्यात तिकडून इंगविल्ड, तिच्या घासून बोललेल्या इंग्रजीत:
आमचाही रकाना रिकामाच राहणार.
आमच्याकडे नोव्हेंबर संपल्यापासून सूर्य उगवलेला नाही.
तिने कॅमेरा खिडकीकडे वळवला:
निळसर काळोख, बर्फ, एक दिवा,
दिव्याखाली लाल टोपीचा एक मुलगा
आमच्यासारखीच काठी धरून.
दिव्याची सावली मोजली त्याने, पण ती धरत नाहीत.

अल्फिया गजाला नाक लावून ओरडली,
'विचारा ना बाई, त्यांच्यासमोर कुठली बिल्डिंग आहे?'

मी विचारलं. इंगविल्ड हसली, तिने त्याला विचारलं.
तो हसला नाही.
टोपी मागे सारून त्याने विचार केला,
मग एकच शब्द बोलला, तिच्या भाषेतून माझ्या भाषेत
यायला त्याला दोन खेपा लागल्या:

पृथ्वी.
आमच्यासमोर पृथ्वी आहे.

एकोणीस मुलं गप्प.
कुकरची शिट्टी झाली कुठेतरी चाळीत.
तन्वेशने काठी आडवी केली, खांद्यावर टाकली
आणि म्हणाला, 'मामांकडे गच्चीची किल्ली असते.'

खानविलकर मामांनी किल्ली दिली, म्हणजे शोधली,
म्हणजे बारा एक्कावन झाले.
टाकीमागे चटईएवढं ऊन उरलेलं.
ब्याण्णव भरली, थोडी तिरकी.
सलोनीने तक्त्यात टाकलं: ब्याण्णव, उशिरा, गच्चीवर.
त्या रकान्यात फक्त आकडे चालतात.
रकाना लाल झाला.

त्याच्याच वरचाही लाल होता.
तिथे त्या मुलाने आपल्या लिपीत काहीतरी लिहिलेलं,
अल्फिया म्हणाली, तेच असणार.
तिसऱ्या ओळीत किसुमू, आदल्या दुपारचे, त्रेचाळीस, स्वच्छ हिरवे.
ओचिएंग सरांचा निरोप आला: लाल दुरुस्त करू का?
मी 'न' लिहिला, 'को' लिहिणार

तोवर डेटा संपला.
पडद्यावर इंगविल्ड तोंड उघडं ठेवून थांबली,
तिच्यामागे काचेत लाल टोपी, काठी, दिवा.
तिकडे अजून उजाडायचं होतं.
आमच्या अंगणात नळाशी मुलांनी हात धुतले,
आणि खडूचं शून्य
सलोनीच्या हातावरून नीट निघेना.