साडेचारशेचा टॉवेल

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
अंबादास गुंडेटीच्या शेडमध्ये
अकरा नंबरच्या मागाशेजारी खिळ्याला
एक काळा टॉवेल टांगलेला असतो.
तो त्याला हात पुसतो. ग्रीस, सुताचा कोंडा, कधी चहा.
मी दर खेपेला बघतो आणि बोलत नाही.

हांबुर्गला गेलो होतो प्रदर्शनाला.
दोन बॅगा सँपल, एक बॅग कडक भाकरी नि शेंगाचटणी.
तिसऱ्या दिवसापर्यंत ऑर्डर नव्हतीच.
मी म्हटलं, चल, संध्याकाळी एक कार्यक्रम आहे,
आयोजकांनी पास दिलेत, फुकट.
फुकट हा शब्द मुद्दाम शेवटी ठेवला.
"कसला कार्यक्रम?"
"गाण्याचा."
"बसायला खुर्च्या हायत का?"
मी हो म्हटलं.

त्याला काय सांगणार होतो?
की अकरावीत, नव्या पेठेतल्या एका दुकानातून
घासलेल्या कॅसेटवर भरून घेतला होता हा बँड,
एक शब्द कळायचा नाही,
आणि तेच बरं होतं,
कळणाऱ्या भाषेत घरी नुसती भांडणं होती.
की चौघांतला एक मेला
तेव्हा मी अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं
आणि बायकोला सांगितलं, स्टॉक मोजायचा होता.

खुर्च्या नव्हत्या.
वीस हजार माणसं उभी, हातात बिअर,
आणि स्वेटरवर स्वेटर घातलेला अंबादास,
नवे बूट चावतायत म्हणून एका पायावर.
पहिला दणका बसला तसा
त्यानं खिशातून कापूस काढून कानांत घातला,
शांतपणे, रोज सकाळी घालतो तसा.
"कशाला एवढं ओरडलालेत बे?"
मी उत्तर दिलं नाही.
मीही ओरडत होतो.

चौथ्या गाण्याला वळून पाहिलं,
तर हा कठड्याला टेकून, उभ्या उभ्या
झोपलेला.
तान्हा होता तेव्हा आई त्याला
मागांच्या मध्ये साडीच्या झोळीत टाकून कांड्या भरायची.
खडखडाट थांबला की पोर उठायचं.
गाणं संपलं, क्षणभर काळोख, सगळं गप्प,
आणि हा दचकून म्हणाला,
"लाईट गेली का?"

शेवटी ड्रमरनं घामाचा टॉवेल भिरकावला.
शेकडो हात वर. माझेही, ह्या वयात.
मागून एक हात आला, दोन स्वेटरांच्या बाहीचा,
आणि माशी धरावी तसा त्यानं टॉवेल धरला.
एका दाढीवाल्यानं त्याला मिठी मारली.
अंबादासनं टॉवेल उलटा केला,
अंगठ्यानं लूप घासले, काठ डोळ्यांजवळ नेला.
"साडेचारशे," म्हणाला. "सोळाचं सूत.
शिलाई तिरकी. आपला नाही.
तुर्कस्तानचा असंल."
मी मागणारच होतो.
त्यानं घडी घालून पोटाशी सरकवला, सँपल म्हणून.

परतताना ट्राममध्ये बराच वेळ गप्प.
मग: "ड्रमवाला बरा होता.
तिसऱ्या गाण्यात डावा ठोका मागं पडत होता पण,
बेअरिंग गेल्यासारखा."
रात्री हॉटेलात मोबाईलवर लावून लावून ऐकलं.
पडत होता.

आज दुपारी शेडमध्ये बसलो होतो.
लाईट गेली. माग एकेक करून थांबले,
मग कबुतरं ऐकू आली, आणि गेटजवळ
कुणीतरी तेलुगूत बायकोला समजावत होतं.
अंबादासनं कानातला कापूस काढला,
काळ्या टॉवेलला हात पुसले.
"नव्वद युरो."
"काय?"
"तिकीट. छापलेलं होतं की बे त्याच्यावर. एकाचे नव्वद."
सहा वर्षांनी.
"मग तेव्हाच का नाही बोललास?"
"खुर्च्या नव्हत्या, ते तरी कुठं बोललो?"

त्यानं पोराला दोन चहा सांगितले.
आता टॉवेल मागावा, असं मनात आलं,
तोंडही उघडलं होतं मी,
पण लाईट आली
आणि कापूस परत त्याच्या कानात गेला.