हातचा एक

जूनमध्ये वाल्दिव्हियात पाचलाच अंधार पडतो.
एदुविखिस शेगडीत ओलं सरपण कोंबते,
चष्म्यावरचा धूर पुसते
आणि निवाऱ्याची वही उघडते.
कुत्री तिला फारशी आवडत नाहीत.
आकडे आवडतात.
इथले आकडे भुंकतात, एवढंच.

तोर्नियो. म्हणजे स्क्रू. पिळलेल्या शेपटीमुळे.
पिंजरा नऊ. चार वर्षं, दोन महिने.
दिवसाला नऊशे पेसोंचं खाणं,
सांध्यांच्या गोळ्या निराळ्या.
रोज तेच, त्याच पेन्सिलीनं.
‘बिचारा’ असा रकाना तिच्या वहीत नाही.

आज दुपारी रोसामेल कात्रिलेओ आला,
फेरीबोटीच्या इंजिनापाशी चाळीस वर्षं घालवलेला,
डाव्या कानानं ठार बहिरा.
पिल्लं दाखवली तर म्हणाला,
ही मला पुरून उरतील.
मग नऊ नंबरापाशी थांबला.
तोर्नियो भुंकला. त्याला अर्धंच ऐकू आलं.
तेवढं भागलं दोघांचं.
दोरी त्यानं घरूनच आणली होती, बोटीची,
गाठ अशी की भरतीलाही सुटू नये.

एदुविखिसनं ओळीवर रेघ मारली.
समासात मांडलं:
महिन्याचे सत्तावीस हजार, गोळ्यांचे अकरा.
म्हणजे डॉक्टरणीची मार्चची उधारी थोडी फिटेल,
नाहीतर गळक्या छपराचा तो पत्रा,
नाहीतर मासळीबाजारातल्या त्या पिवळ्या मांजरीची नसबंदी,
जी दर वर्षी आपल्याला पाच आकडे वाढवून देते.
तिला वाटलं,
कुणी कुत्रं घरी नेतं ती देणगीच की,
फक्त तिची पावती फाडता येत नाही.
दोनदा ताळा केला. जमला.
स्वतःशी हसलीसुद्धा, दार बंद होतं म्हणून.

सहाला फाटक वाजलं.
बाहेर माणूस नव्हतं.
गजाला नायलॉनच्या दोरीनं बांधलेली एक काळी कुत्री,
पोट जमिनीला टेकायला आलेलं,
नजर दुसरीकडे, जणू ती बससाठी उभी आहे.

पिंजरा नऊमधल्या पोत्यावर
तोर्नियोचा आकार अजून तसाच होता, वळलेला.
काळी आधी तो हुंगत राहिली.
मग त्यातच बसली, मावत नव्हती तरी.
एदुविखिसनं स्वतःची शाल काढून
वर टाकली. ती वहीत लिहिली नाही.

शिल्लक तासभर टिकली.
पण पिंजरा रिकामा नसता
तर हिला कुठे ठेवली असती,
ही बेरीज तिनं मनातच केली.
शाळेत बाई सांगायच्या,
हातचा मांडायचा नसतो,
लक्षात ठेवायचा असतो.

मग पेन्सिलीला टोक काढून
तिनं काळीचं नाव लिहिण्याची जागा कोरी ठेवली
आणि दाराकडे बघत विचारलं,
खाली अजून किती ओळी मोकळ्या सोडू?