खुंट्यांची भोकं

पाहुणे यायच्या दोन तास आधी आम्ही पोचतो.
चार तंबू, आठ गाद्या, धुतलेले अभ्रे,
आणि पालकरबाईंचा आग्रह म्हणून
प्रत्येकाला गरम पाण्याची एक रबरी पिशवी.
हसू नका. जानेवारीत बोरिवलीच्या या डोंगरावर
पहाटे दात वाजतात.

जागा जान्या बरफ दाखवतो.
इथं नको, मुंग्यांची वाट आहे.
इथं नको, कारवी आहे, तिची सात वर्षं मोडतील.
खडबडीत मुरूम दिसला की म्हणतो, हां, इथं टाका.
गादी जाड असली की
मऊ जमीन शोधावी लागत नाही,
हे मला त्यानंच शिकवलं.

चूल नाही, राख उरते. साबण नाही.
सहा तास चालून आलेले मुलुंडचे काका
भाकरी खाता खाता विचारतात, बिबट्या येईल?
येऊन गेला असेल, जान्या म्हणतो, सांगून थोडाच जातो.
काका रबरी पिशवी पोटाशी धरून झोपतात.
खाली कांदिवलीचे मनोरे रात्रभर जागे.

पाहुणे गेले की आमचं खरं काम.
खुंट्यांची भोकं बोटानं बुजवायची,
आडवं झालेलं गवत
विंचरल्यासारखं उभं करायचं,
संत्र्याची साल, कंगव्यातला केस, सगळं परत न्यायचं.
मग जान्या दहा पावलं मागं जातो, डोळे बारीक करतो.
कोण होतं रे इथं?
कोणी नाही, आम्ही म्हणतो.
दर खेपेला.

तिसऱ्या तंबूमागं कातळात एक गोल खळगा आहे,
आतून गुळगुळीत.
मी त्यात दात घासायचा मग ठेवायचे.
जान्या तो उचलून बाजूला ठेवायचा,
बोलायचा काही नाही.

परवा मंगळवारी तो आला नाही.
कचेरीत तारीख होती.
तुम्ही इथलेच, याचा पुरावा आणा.
लाइटबिल नाही, सातबारा नाही,
त्यानं फोनमधला फोटो पुढे केला:
हे आमचं उखळ, साहेब.
आज्याच्या आईनं यात भात कांडलाय.
साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला.
हा तर खड्डा, म्हणाले.

परवा गवत मी एकटीनं उभं केलं.
दहा पावलं मागं गेले,
विचारायला तोंड उघडलं,
आणि गाद्या मोजायला लागले.
आठ होत्या.