नाव टाकलं

शिरोली एमआयडीसी, रात्रीचे सव्वादोन.
पलीकडे भट्टी गुरगुरतेय, अलीकडे काचेआड मी
आणि काळ्या पडद्यावर लुकलुकणारी
एक पांढरी वीट.

आठशे बारा माणसांचा ओव्हरटाइम मोजायचा.
पहिल्या आठवड्यात हेच काम लावून
मी टर्मिनलची खिडकी मिटली, चहाला गेलो
(आमच्याकडं पोरीही ‘गेलो’च म्हणतात)
परत येऊन बघतो तर काम मेलेलं.
ना चूक, ना निरोप.

मगदूम सर हसले. “खिडकी मिटलीस
म्हणजे फोन ठेवलास गं.
पूर्वी टर्मिनल तारेनं जोडलेलं असायचं.
लाइन तुटली की शेलला हाक जायची,
शेल म्हणजे घरचा कारभारी,
तो यादी काढून एकेकाला सांगायचा: आवरा, संपलं.
तार गेली. हाक राहिली.”

“पण ते तर मागं चाललेलं ना?”
“मागं म्हणजे मागच्या खोलीत. घर तेच.”

मागची खोली मला माहीत होती.
तिथनं बडबडलेलं सोप्यात ऐकू येतं,
तुमच्या अर्ध्या लिहिलेल्या ओळीवर आकडे सांडतात.
पण मागच्यानं काही विचारून घ्यायला तोंड उघडलं
की त्याला जागच्या जागी थांबवतात.
ऐकून घ्यायचा मान सोप्यातल्या एकाचाच.

“मग काय करायचं?”
“नाव टाकायचं. डिसओन, हुकूमच आहे तसा.
यादीत नाव नाही
त्याला कारभारी हाक कशी मारणार?”

मी काही बोललो नाही.
गडहिंग्लजहून तात्या फोनवर एवढंच म्हणाले होते,
तुझं नाव टाकलं.
मग खट्ट.
मला वाटलेलं, आता मी बंद पडणार.

राजारामपुरीत आठव्या गल्लीत
जैनबमावशींनी खोली दिली.
डिपॉझिट विचारलं, जात नाही.
रविवारी दारात झाकण घातलेली रश्श्याची वाटी.
पोरक्या झालेल्या कामाला
पहिल्या नंबरची प्रोसेस पदरात घेते,
हे सरांनी बऱ्याच नंतर शिकवलं.

आज खिडकी मिटून तास झाला.
नवी उघडून यादी मागवतो.
टर्मिनलच्या रकान्यात माझ्या कामापुढं प्रश्नचिन्ह.
नोकरीच्या फॉर्मवर ‘माहेरचा पत्ता’पुढं
मी तेच घातलेलं,
पाटोळेबाईंनी खोडून रेघ मारली.
इथं कोणी खोडत नाही.

त्याचं बोलणं मी एका फाइलीत वळवलंय.
समोर कोणी नसलं
की बोललेलं साठवावं लागतं.
शेवटची ओळ बघतो:
सहाशे चाळीस झाले, एकशे बहात्तर राहिले.

भट्टीवरचा एक जण पाणी प्यायला येतो,
काळ्या बोटानं काचेवर टकटक करतो.
“माझं झालं का बघा की.”
“नाव सांगा,” मी म्हणतो.